गोरित्सियाला पटकथा घेऊन जाऊ नका

पटकथालेखनात नव्याने उतरलेली मुलं-मुली मला विचारतात, "ताई, इटलीतल्या गोरित्सियाच्या पुरस्काराला स्क्रिप्ट कुठे पाठवायची?" पाठवायची नसते. हे मलाही तिथे पोचल्यावरच कळलं. सॅकमध्ये माझ्या पटकथेच्या तीन बाउंड प्रती होत्या. पुण्यात दोन वर्षं लिहिलेल्या, पैसे मोजून इंग्रजीत करून घेतलेल्या. तिन्ही तशाच परत आल्या.

सेर्जिओ अमिदेई आंतरराष्ट्रीय पटकथा पुरस्कार ही नवोदितांच्या संहितांची स्पर्धा नाही. पडद्यावर आलेले चित्रपट निवडले जातात, गावात दाखवले जातात आणि त्यांतल्या सर्वोत्तम पटकथेला पुरस्कार मिळतो. तरीही जमेल तेव्हा जाच, असं मी म्हणेन. एरवी चित्रपट संपला की माइक दिग्दर्शकाकडे जातो आणि लेखक तिसऱ्या रांगेत बसून टाळ्या वाजवतो. इथे मुळात बोलणंच लेखनाबद्दल असतं. मी इतकी वर्षं पटकथा लिहिण्याचा प्रयत्न करत होते, पण चित्रपट बघताना त्यातली पटकथा वेगळी दिसायला लागली ती तिथे.

ज्यांच्या नावाने पुरस्कार आहे ते इटालियन पटकथाकार अमिदेई 1904 साली त्रिएस्ते इथे जन्मले आणि 1981 साली रोममध्ये वारले. ऑस्करची चार नामांकनं, चारही लेखनासाठी. जायच्या आधी त्यांनी फेलिनींसोबत लिहिलेला, दिग्दर्शक रोसेलिनींचा 1945चा ‘रोमा चित्ता अपेर्ता’ (म्हणजे ‘रोम, खुलं शहर’) बघून जा. त्यातला पिनाचा प्रसंग मी वहीत उतरवून काढला होता. त्यामागे खरी घटना आहे. 3 मार्च 1944 रोजी रोममध्ये तेरेसा गुल्लाचे ही गरोदर बाई, पकडून नेलेल्या नवऱ्याला बघायला बराकीपाशी गेली आणि जर्मन सैनिकाच्या गोळीने मेली. पटकथेत तिची पिना झाली. आता नवरा नाही, होणारा नवरा आहे. त्याच दिवशी लग्न आहे. त्याला ट्रकमधून नेतात, ती ट्रकमागे धावते, गोळी लागते, मागून तिचा मुलगा धावत येऊन तिच्या अंगावर पडतो. बातमीतलं दुःख तेच, पण लग्नाचा दिवस, ट्रक, धावणं आणि मुलगा या चार गोष्टींनी ते प्रसंग झालं. आणि हे सगळं चित्रपटाच्या मध्यावर. जिच्यावर आपला जीव जडलाय ती निम्म्यातच जाते, आणि उरलेला चित्रपट तिच्याशिवाय बघावा लागतो. हे वहीत उतरवलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

इटालियन लोकांचे लेखनाचे टप्पे माहीत असले तर तिथलं बोलणं कळतं. ‘सोज्जेत्तो’ म्हणजे काही पानांत सांगितलेली गोष्ट. ‘स्कालेत्ता’ म्हणजे आपली वनलाइन, एकेका ओळीत प्रसंगांची क्रमवार यादी. मग ‘त्रात्तामेंतो’, म्हणजे तीच गोष्ट प्रसंगवार, सविस्तर लिहिलेली, आणि शेवटी ‘शेनेज्जातुरा’, म्हणजे पटकथा. त्यांच्या जुन्या पद्धतीत पानाचे उभे दोन भाग असत, डावीकडे कृती आणि उजवीकडे संवाद. मी पुण्यात ज्यांच्याकडे उमेदवारी केली ते सर अगदी अशाच आखलेल्या कागदावर लिहायचे. मला ते जुनाट वाटायचं. पण या मांडणीत एक गोष्ट लगेच डोळ्यांत भरते. डावी बाजू रिकामी आणि उजवी भरलेली असेल, तर पात्रं नुसती बोलताहेत. माझी पटकथा तशी मांडून पाहिली तेव्हा सलग नऊ पानं डावीकडे जवळजवळ काहीच नव्हतं.

आता जाण्याबद्दल. महोत्सव जुलैत असतो. गाव छोटं, पायी फिरण्याजोगं. व्हेनिसहून रेल्वे आहे. रात्रीचे खेळ कोरोनिनी क्रोनबर्ग वाड्याच्या बागेत, उघड्यावर होतात. (फ्रान्सचा पदच्युत राजा दहावा चार्ल्स 1836 साली याच वाड्यात वारला.) उन्हाळ्यात अंधार पडायलाच नऊ वाजून जातात, तेव्हा दुपारी झोप काढा. इंग्रजीवर भागेल असं समजू नका. थोडीतरी इटालियन शिकून जा. गाव स्लोव्हेनियाच्या सीमेला चिकटून आहे, चौक ओलांडला की पलीकडे नोवा गोरित्सा. दोन्हीकडे व्हिसा शेंगेनच (युरोपातल्या अनेक देशांना चालणारा एकच व्हिसा), चलन युरोच, पण 2023पासून इटलीने सीमेवर पुन्हा तपासणी सुरू केली आहे. पासपोर्ट जवळ असू द्या. उदीने विद्यापीठाचा सिनेमाचा अभ्यासक्रमही याच गावात चालतो आणि विद्यापीठाचा महोत्सवात सहभाग असतो. तिकडे शिकायचा विचार असेल तर वर्ग कसे असतात ते विद्यार्थ्यांशी बोलून समजून घ्या.

रोज एकच चित्रपट नीट बघा. दुसऱ्या दिवशी सकाळी कॉफी घेऊन बसा आणि त्याची उलटी वनलाइन लिहा, म्हणजे आठवतील ते प्रसंग क्रमाने, एकेका ओळीत. जो प्रसंग आठवत नाही तिथे थांबा. तो का निसटला, याचं उत्तर शोधताना मी सगळ्यात जास्त शिकले.

स्वतःची संहिता घेऊन जायच्या जागा वेगळ्या आहेत, आणि त्यातल्या काही आपल्या अंगणात आहेत. एनएफडीसीची (राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाची) स्क्रीनरायटर्स लॅब आहे. गोव्याचा फिल्म बाजार आहे, जिथे चित्रपट करू पाहणारे निर्मात्यांना भेटतात. कुठेही पाठवण्याआधी मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचं सदस्यत्व घेऊन संहितेची नोंदणी करा. हे काम ऑनलाइन होतं. आळस करू नका. माझी एक कल्पना नोंदणीविना एका निर्मात्याला ऐकवली होती. ती पुढे दुसऱ्याच्या नावाने मालिकेत दिसली, आणि माझ्याकडे दाखवायला कागद नव्हता.

परत आल्यावर त्या तीन प्रतींपैकी एक मी फाडून सुटी केली आणि पानं जमिनीवर पसरली. माझ्या पटकथेत आजी शेवटच्या प्रसंगात जाते. ती पानं उचलून मी मध्यावर ठेवली. तिच्याशिवाय ते घर कसं चालतं, ते सध्या लिहिते आहे. बावीस पानं झालीत.