मटकी रात्रभर, द्राक्षं पंधरा मिनिटं, पैठणी कधीच नाही

नाशिकच्या घरात पाहुणे मुक्कामाला आले की रविवारी सकाळी मिसळ ठरलेलीच. म्हणजे मटकी शुक्रवारी रात्री पाण्यात पडायला हवी. एका डिसेंबरात मी ती शनिवारी सकाळी भिजत घातली. रविवारी पंचा उघडला तर मोडांचा पत्ता नाही. पाहुण्यांनी पोहे खाल्ले, काही बोलले नाहीत, पण मला समजायचं ते समजलं.

तर काय किती वेळ भिजवायचं ते सांगते. आधी मटकी. निवडून दोन-तीन पाण्यांनी धुवा. भिजून ती दुप्पट होते, म्हणून पातेलं मोठं घ्या आणि पाणी मटकीच्या तिप्पट घाला. ८ तास पुरतात. थंडीत पाणी कोमट घ्या, उन्हाळ्यात ६ तासांनंतर बघा. उपसताना बोटांनी चाळवलं की काही दाणे खड्यासारखे टणक लागतात. ते गणंग. कितीही शिजवा, दाताखाली येणारच, आत्ताच काढून टाका.

भिजवलेलं पाणी फेकून मटकी रोळीत पूर्ण निथळू द्या. घाई इथेच नडते. पाणी राहिलं की मोडांऐवजी आंबूस वास येतो आणि मटकी बुळबुळीत होते. मग ओल्या, घट्ट पिळलेल्या पंचात पुरचुंडी बांधून झाकण ठेवा. मे महिन्यात १०-१२ तासांत मोड येतात, कडाक्याच्या थंडीत २४ तासही कमी पडतात. निफाडचा पारा पेपरात झळकू लागला की मी ते भांडं सरळ जुन्या गोधडीत गुंडाळते. पंचा सुकला तर वरून पाण्याचा हबका मारा.

बोअरच्या पाण्यात भिजवलेली कडधान्यं शिजायला त्रास देतात, कारण जड पाण्यातल्या कॅल्शियममुळे सालं कडक राहतात. भिजवायला पिण्याचंच पाणी वापरा. चिमूटभर खाण्याचा सोडा चालतो. जास्त झाला तर दाण्यांचा लगदा होतो आणि ब-१ जीवनसत्त्वही जातं.

राजम्याच्या बाबतीत मात्र हयगय नको. कच्च्या राजम्यात लेक्टिन नावाचं एक विषारी प्रथिन असतं, त्याने उलट्या-जुलाब होतात. रात्रभर भिजवा, ते पाणी फेका, नव्या पाण्यात निदान १० मिनिटं खळखळून उकळा. कुकरमध्ये हे आपोआप होतं. मंद आचेवर तासन्‌तास ठेवणं मात्र धोक्याचं.

साबुदाण्याचं उलट, त्याला पाणी बेताचंच. दोनदा धुवून पाणी दाण्यांच्या जेमतेम वर ठेवा आणि ४-५ तास झाका. दाणा बोटात सहज चिरडला की झालं.

जानेवारीपासून दिंडोरी-पिंपळगावची द्राक्षं घरोघरी येतात. त्यांच्यावरची पांढरी लव बघून लोक दचकतात, पण ती द्राक्षाचीच नैसर्गिक मेणचट लव असते. फवारणीचे अंश काढायला असं करा: १ लिटर पाण्यात दोन सपाट चमचे खाण्याचा सोडा, त्यात घड १५ मिनिटं, मग वाहत्या पाण्याखाली धुवा. २०१७ साली अमेरिकेत सफरचंदांवर झालेल्या प्रयोगात अशा पाण्याने सालीवरची दोन कीटकनाशकं १२ ते १५ मिनिटांत निघाली, आत मुरलेली मात्र निघाली नाहीत. खायच्या वेळीच भिजवा. ओले घड फ्रिजमध्ये ठेवले की सडतात.

आता कपडे. साबणाच्या पाण्यात अर्धा तास भरपूर झाला. रात्रभर बादलीत ठेवलेला मळ पुन्हा कापडातच बसतो, शिवाय कुबट वास येतो तो वेगळाच. रक्त, दूध, अंडं यांचे डाग गार पाण्यात भिजवा, गरम पाण्याने ते पक्के होतात. मिसळीचा रस्सा सांडला आणि साबण लावल्यावर डाग लाल झाला तर घाबरू नका, हळद साबणाला तशीच लाल होते. धुवून कपडा कडक उन्हात टाका, पिवळेपणा उतरतो.

रंगपंचमीला पेशवेकालीन रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्याने भरलेल्या हौदात, उडी मारून आलेल्या पोराचे कपडे मात्र इतरांच्या बादलीत अजिबात टाकू नका. आधी अंगणात नुसत्या गार पाण्यात दोन-तीनदा खळबळा. पाणी फिकं झालं की मगच साबणात, तेही एकटेच. एका वर्षी आमच्या घरचे टॉवेल गुलाबी झाले होते. ते अजून गुलाबीच आहेत.

लोकर आणि रेशीम साध्या पावडरीत भिजवू नये. डाग काढणाऱ्या बऱ्याच पावडरींत प्रथिनं तोडणारी एन्झाइम्स असतात, आणि हे दोन्ही धागे प्रथिनांचेच. येवल्याची पैठणी तर पाण्यात घालूच नका, काठांचे रंग साडीच्या अंगावर उतरतात. नेसून झाली की सावलीत वाऱ्यावर टाका, सुती कापडात गुंडाळा, आणि डाग पडलाच तर ड्रायक्लीनिंगवाल्याला तो बोट ठेवून दाखवा.