व्हॉट्सअ‍ॅप सोडायच्या आधी फोनची ही भोकं बुजवा

2021 च्या जानेवारीत व्हॉट्सअ‍ॅपने नवी प्रायव्हसी पॉलिसी पुढे केली, तेव्हा सांगलीतल्या माझ्या मोबाईलच्या दुकानात एकच मागणी होती, ‘ताई, ते सिग्नल टाकून द्या.’ सिग्नल म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपसारखंच दुसरं मेसेजचं अ‍ॅप. गर्दी इतकी की सिग्नलचं खातं उघडायचा कोडसुद्धा वेळेवर येईना. टाकून दिलं. थोड्याच दिवसांत बहुतेक मंडळी परत व्हॉट्सअ‍ॅपवर, कारण सिग्नलवर ना गॅसवाला, ना शाळेचा ग्रुप, ना नणंद. 2025 च्या सप्टेंबरात ‘अरट्टई’ या देशी मेसेजिंग अ‍ॅपच्या वेळी हाच प्रकार पुन्हा झाला.

माझं म्हणणं सरळ आहे. अ‍ॅप बदलून फार थोडं सुधारतं. काउंटरवर येणाऱ्या रडगाण्यांपैकी कुणी कंपनीचं कुलूप फोडलंय असं मला कधी आढळलं नाही. गळती होते ती कुलपाच्या आजूबाजूनं. म्हणून आधी आहे तेच अ‍ॅप नीट करा, मग दुसऱ्याचा विचार करा.

कुलूप कशाला आहे ते आधी समजून घ्या. एप्रिल 2016 पासून व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज आणि कॉल एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड आहेत. म्हणजे वाटेत कुणी पकडलं तरी वाचता येत नाही, कंपनीलाही नाही. पण तुम्ही कुणाशी आणि कधी बोललात ही माहिती त्या कुलपात नाही. व्हॉट्सअ‍ॅपमधल्या ‘मेटा एआय’ या चॅटबॉटला तुम्ही जे विचारता ते मेटाकडे, म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपच्या मालक कंपनीकडे जातं. आणि कुणाला ‘रिपोर्ट’ केलंत की त्याचे शेवटचे पाच मेसेज कंपनीला दिसतात. हे शेवटचं आपल्या सोयीचंच आहे, म्हणून रिपोर्ट करायला कचरू नका.

पहिलं काम: लिंक्ड डिव्हाइसेस

वाचता वाचता फोन हातात घ्या. व्हॉट्सअ‍ॅप उघडा, वर कोपऱ्यातल्या तीन टिंबांवर दाबा, ‘लिंक्ड डिव्हाइसेस’मध्ये जा (आयफोनवर हे सेटिंग्जमध्ये मिळेल). तुमच्या फोनशिवाय जी जी यंत्रं तुमचं व्हॉट्सअ‍ॅप वाचू शकतात, त्यांची यादी तिथे असते. एका वेळी चार जोडता येतात.

परवा एक बाई आल्या. ‘मी घरात बोललेलं माझ्या दिराला कसं कळतं?’ यादी उघडली तर दोन ‘विंडोज’. घरात कॉम्प्युटर नाही. एक निघाला झेरॉक्सच्या दुकानातला. दाखल्याची प्रिंट काढायला तिथल्या कॉम्प्युटरवर क्यूआर स्कॅन केला होता, लॉगआउट राहिलं ते राहिलंच. दुसऱ्याचं उत्तर त्यांना माझ्या आधी कळलं, त्यामुळे मी काही बोलले नाही. नावावर बोट ठेवून ‘लॉगआउट’ दाबलं, एवढंच. दोन मिनिटं फोन दुसऱ्याच्या हातात गेला तरी हे जोडून होतं, आणि पुढे तुमचा फोन बंद असला तरी ते चालू राहतं. महिन्यातून एकदा ही यादी बघायचीच.

झेरॉक्सवाल्याकडे प्रिंट काढायची असेल तर पेनड्राइव्ह न्या. त्याच्या नंबरवर आधार पाठवलंत तर ते त्याच्या फोनमध्ये राहतं, हे सोयीस्करपणे विसरलं जातं. पाठवायचंच असेल तर ‘मास्क्ड आधार’ पाठवा, त्यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात. आधारच्याच साइटवरून ते डाउनलोड होतं.

दुसरं काम: पिन

सेटिंग्ज, अकाउंट, टू-स्टेप व्हेरिफिकेशन. सहा आकडी पिन लावा, सोबत ईमेल द्या. जन्मतारीख लावू नका, गाडीचा नंबरही नको.

हा पिन नसला की काय होतं? ओळखीच्याच नंबरवरून मेसेज येतो, ‘अगं, चुकून तुझ्या नंबरवर कोड गेलाय, पाठव ना जरा.’ मेसेज मावशीच्या नावानं असतो, पण तिचं अकाउंट आधीच चोराकडे गेलेलं असतं. तो कोड तुमच्याच व्हॉट्सअ‍ॅपमध्ये शिरायचा असतो. तो दिलात की तुमचंही जातं, आणि मग तुमच्या नावानं सगळ्या नातेवाइकांकडे पाच-पाच हजार मागितले जातात. दुसरी युक्ती कॉल फॉरवर्डिंगची. कुरिअरवाला म्हणून कुणीतरी स्टार 401 स्टारनं सुरू होणारा नंबर डायल करायला सांगतो. तो केलात की तुमचे कॉल त्याच्याकडे वळतात आणि कोड त्याला फोनवर ऐकू येतो. दूरसंचार विभागानं 15 एप्रिल 2024 पासून असं कोड डायल करून होणारं फॉरवर्डिंग बंद करायला लावलं. तरी शंका असेल तर फोनच्या कॉल सेटिंगमध्ये जाऊन फॉरवर्डिंग बंद आहे का ते डोळ्यांनी बघा.

अकाउंट गेलंच तर रडत बसू नका. स्वतःच्या फोनवर व्हॉट्सअ‍ॅपमध्ये आपला नंबर टाका, एसएमएसनं आलेला कोड भरा, चोर बाहेर पडतो. त्यानं मध्ये पिन लावून ठेवला असेल तर तुम्हाला आत शिरायला सात दिवस लागतात, पण तोही तोवर बाहेरच असतो. दरम्यान सगळ्यांना फोन करून सांगा. मेसेज नको, फोनच करा.

तिसरं: बॅकअप आणि गॅलरी

चॅट कुलूपबंद, पण त्याचा बॅकअप गुगल ड्राइव्हवर किंवा आयक्लाउडवर जातो आणि त्याला वेगळं कुलूप तुम्ही स्वतः लावावं लागतं. सेटिंग्ज, चॅट्स, चॅट बॅकअप, तिथे ‘एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड बॅकअप’ चालू करा. ही सोय 2021 पासून आहे, पण लोकांना माहीतच नसते. पासवर्ड वहीत लिहून रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवा. तो विसरलात तर ना मी काढून देऊ शकत, ना कंपनी.

गॅलरीचं तर विचारूच नका. ‘मीडिया व्हिजिबिलिटी’ चालू असली की आलेला प्रत्येक फोटो गॅलरीत पडतो, बॅकअप चालू असेल तर तिथून गुगल फोटोजमध्ये, आणि तिथून घरातल्या टॅबवर. साखरपुड्याचे फोटो दाखवायला फोन पुढे केला आणि भलतंच सरकलं, असं झालेली माणसं माझ्याकडे लाल चेहऱ्यानं येतात. ते सेटिंग बंद करा, पुढचे फोटो गॅलरीत पडणार नाहीत. लॉक स्क्रीनवर मेसेजचा मजकूर दिसणंही बंद करा. फोनला कितीही पॅटर्न लावा, ओटीपी वरच वाचता येत असेल तर काय उपयोग?

आणि फोन दुरुस्तीला देताना पॅटर्न कागदावर लिहून देऊ नका. आमच्याच धंद्याविरुद्ध बोलतेय, पण बोलायला हवं. सॅमसंगमध्ये ‘मेंटेनन्स मोड’ असतो, पिक्सेलमध्ये ‘रिपेअर मोड’. तो लावून दिलात की दुरुस्ती करणाऱ्याला फोन तपासता येतो, तुमचे फोटो-चॅट दिसत नाहीत.

ग्रुप

प्रायव्हसी, ग्रुप्स, ‘माय कॉन्टॅक्ट्स’. एवढं केलंत की ‘शेअर मार्केट गुरू’वाले तुम्हाला परस्पर ग्रुपात ओढू शकत नाहीत.

बचत गट, सोसायटी, शाळा, सगळीकडे बायकांचे नंबर शेकडो अनोळखी माणसांपुढे उघडे असतात आणि रात्री अकराला ‘हाय’ येतो. अ‍ॅडमिन असाल तर साधा ग्रुप न काढता ‘कम्युनिटी’ काढा. तिच्या अनाउन्समेंट ग्रुपात सभासदांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. ‘कुणी भलतंसलतं टाकलं तर पोलीस मला धरतील का?’ हे अ‍ॅडमिन मंडळी हमखास विचारतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं 2021 मध्ये सांगितलंय की सभासदाच्या पोस्टसाठी निव्वळ अ‍ॅडमिन आहे म्हणून कुणाला जबाबदार धरता येत नाही, त्यात त्याचा हात असल्याशिवाय. तरी घाण दिसली की डिलीट करा.

लग्नसराईतली एक गोष्ट. पत्रिका पीडीएफ असते, फोटो असते, व्हिडिओ असते. जिच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ आहे ती पत्रिका नाही, ते अ‍ॅप आहे आणि तुमचे एसएमएस वाचायला आलंय. आरटीओच्या चलनाचंही तेच. दाबून बसलात तर फोन एअरप्लेन मोडवर टाका, सिम काढा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा. दुकानात त्यानंतर या.

आता पर्याय

*टेलिग्राम*. सर्वात गैरसमज असलेलं अ‍ॅप. ‘तिथं सगळं सीक्रेट असतं’ म्हणतात. नसतं. साध्या चॅट कंपनीच्या सर्व्हरवर राहतात, एंड-टू-एंड कुलूप फक्त ‘सीक्रेट चॅट’ला, तेही दोघांतच. ग्रुपांना नाहीच. ऑगस्ट 2024 मध्ये संस्थापक पावेल दुरोव यांना फ्रान्समध्ये अटक झाली आणि पुढच्याच महिन्यात कंपनीनं धोरण बदललं. कायदेशीर मागणी आली की आयपी पत्ता (इंटरनेट जोडणीचा नंबर) आणि फोन नंबर सरकारी यंत्रणांना देऊ, असं म्हटलं. एमपीएससीच्या नोट्ससाठी उत्तम. खासगी बोलण्यासाठी मी ते सुचवत नाही.

*सिग्नल*. ना-नफा संस्थेचं, जाहिराती नाहीत, सगळंच एंड-टू-एंड. 2024 पासून यूजरनेम घेता येतं, म्हणजे समोरच्याला नंबर न देता बोलता येतं. खातं काढायला नंबर मात्र लागतोच. अडचण एकच, तुमची माणसं तिथं नाहीत. म्हणून सगळं घरदार हलवू नका. ज्या दोन-चार माणसांशी कोर्टाचं, दवाखान्याचं, पैशाचं बोलायचं असतं, तेवढ्यांनाच तिथं घ्या.

*अरट्टई*. झोहो या सॉफ्टवेअर कंपनीचं, आपल्या देशातलं. गाजलं तेव्हा कॉलला एंड-टू-एंड कुलूप होतं, मेसेजला नव्हतं. देशी आहे म्हणून आनंद आहेच, पण सेटिंगमध्ये मेसेजच्या कुलपाबद्दल काय लिहिलंय ते वाचूनच खासगी बोला.

*अनोळखी माणसांशी गप्पांच्या साइट*. ओमेगल 2009 मध्ये सुरू झाली आणि नोव्हेंबर 2023 मध्ये बंद पडली, मुलांच्या शोषणाच्या तक्रारी आणि खटले अंगावर घेऊन. तशाच दुसऱ्या अजून आहेत. पोरांच्या फोनमध्ये दिसली तर आधी आरडाओरडा करू नका. ओरडलात की पुढच्या वेळी ती तुम्हाला सांगणार नाहीत, आणि तीच वेळ महागात पडते.

कारण तिथूनच ब्लॅकमेल सुरू होतं. व्हिडिओ कॉल येतो, समोर उघडी बाई, अर्ध्या मिनिटाचं रेकॉर्डिंग, मग पैशाची मागणी. असं झालं तर पैसे देऊ नका, दिले की आकडा वाढतो. चॅट उडवू नका, तोच पुरावा. नंबर, यूपीआय आयडी, तारीख-वेळ, सगळ्याचे स्क्रीनशॉट घ्या आणि मगच ब्लॉक करा. आपले फोटो-व्हिडिओ पसरतील अशी धास्ती असेल तर ‘स्टॉप एनसीआयआय’ नावाची मोफत सेवा आहे. फोटो तुमच्याच फोनमध्ये राहतो, त्याचा फक्त डिजिटल ठसा पुढे जातो आणि सहभागी प्लॅटफॉर्म तो फोटो चढू देत नाहीत. अठराच्या आतल्यांसाठी ‘टेक इट डाउन’ आहे. पैसे गेले असतील तर लगेच 1930 लावा, नाहीतर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इनवर तक्रार नोंदवा. जितका उशीर, तितके पैसे खात्याखात्यांतून पुढे सरकतात. तिथे मिळालेला तक्रार क्रमांक लिहून घ्या, बँक तोच मागते.