बदकं शोधायला ठाण्याच्या खाडीत होडी काढण्याआधी

१९७२ च्या वन्यजीव कायद्यानुसार आपल्याकडे रानबदकांची शिकार चालत नाही, तेव्हा सोबत फक्त कॅमेरा आणि दुर्बीण. ऐरोली आणि वाशी पुलांमधला पश्चिम काठ २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्यात आहे. स्वतःची होडी नेणार असाल तर वनखात्याची परवानगी आधी काढा. ऐरोलीच्या जैवविविधता केंद्राची बोट घेणं त्याहून सोपं.

मग पंचांग उघडा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते: त्रयोदशीला १३ ची पाऊणपट, म्हणजे पावणेदहा. हा अंदाज मुंबईच्या भरतीच्या तक्त्याशी ताडून घ्या, आणि खाडीत आत पाणी त्याहून उशिरा चढतं हे धरून चाला. नोव्हेंबर ते मार्चमधल्या त्रयोदशी-चतुर्दशीच्या सकाळी भरतीच्या तीन तास आधी पाण्यात असा.

चढत्या पाण्यावरच जा. होडी गाळात टेकली तर चढतं पाणी तिला उचलतं. ओहोटीत टेकली तर पुढची भरती येईपर्यंत सुटका नाही, आणि गाळात उतरून ढकलू नका, माणूस मांडीपर्यंत रुततो. पाणी सारख्या वेगानं उतरत नाही, सहा तासांतल्या तिसऱ्या-चौथ्या तासात निम्मं निघून जातं. अरुंद चरीत रेंगाळणारे इथेच फसतात.

जागा आदल्या ओहोटीला काठावरून हेरून ठेवा. थापट्या, तलवार बदक, चक्रांग, भुवई बदक ही सगळी बुडी न मारता उथळ पाण्यात चोच घालून खाणारी, त्यामुळे चिखल आणि पाणी जिथे भेटतात ती रेघ महत्त्वाची. नाल्यांची तोंडं आणि तिवरांची वाऱ्याआडची बाजू आधी पाहा. ओल्या चिखलात पडदेदार पायांचे ताजे ठसे आणि पिसं दिसली तर ती जागा फोनच्या नकाशावर टिपून ठेवा. पूर्ण भरतीला चिखल बुडतो आणि बदकं मिठागरांकडे, तळ्यांकडे सरकतात. उशिरा पोचणाऱ्यांना म्हणूनच खाडी रिकामी दिसते.

होडी सपाट बुडाची हवी. लांब बांबू, दोन वल्ही, दोरासकट नांगर, प्रत्येकाला लाइफ जॅकेट, पिण्याचं पाणी आणि इंजिनच्या पंख्यात अडकलेलं जाळं कापायला सुरी घ्या. दीडशे-दोनशे मीटरवर इंजिन बंद करून पुढे बांबूनं ढकला, तेही तिरकं. नाक थेट थव्याकडे वळलं की थवा उठतो. सकाळी ऊन पाठीशी हवं, म्हणून पूर्वेकडून पश्चिम काठाकडे सरका.