रब्बीचे स्फुरद ठरवताना आधी बेवड पाहा

रब्बीच्या पेरणीसाठी खताच्या पिशव्या आणण्याआधी एक गोष्ट लिहून काढा: कोणत्या शेतात मागच्या हंगामात कोणते पीक होते (यालाच बेवड म्हणतात)? दिलेल्या स्फुरदापैकी (फॉस्फरस) पहिल्या पिकाच्या वाट्याला साधारण १५ ते २० टक्केच येते. बाकीचे मातीत अडकते आणि त्यातले काही पुढच्या पिकांना सावकाश मिळते. म्हणून स्फुरदाची मात्रा पूर्ण फेरपालट, म्हणजे एकामागून एक घ्यायच्या पिकांचा क्रम, डोळ्यांपुढे ठेवून ठरवावी.

सर्वांत जास्त फरक भाताच्या खाचरात पडतो. पाणी साचले की मातीतली हवा संपते, लोहाचे रूप बदलते आणि त्याने धरून ठेवलेले स्फुरद सुटे होते. त्यामुळे भाताचे कमी खतातही भागते. पाणी ओसरून जमीन वाळली की तेच लोह स्फुरदाला पुन्हा पकडते, आणि हे ताजे लोह जास्तच पकडते. भातानंतरचा गहू किंवा मका सुरुवातीलाच खुरटतो त्यामागे बऱ्याचदा हे कारण असते. थंडीत मुळांची वाढ मंदावते, त्याची भर पडते. खत मोजकेच असेल तर भाताच्या मात्रेत काटकसर करा, गव्हाच्या मात्रेला हात लावू नका. माती परीक्षणात स्फुरद अगदीच कमी निघाले, तर मात्र भातालाही द्यावे लागेल.

हरभऱ्याची मुळे सेंद्रिय आम्ले सोडून चुन्याशी बांधलेले स्फुरद विरघळवतात. तुरीची मुळे लोहाशी बांधलेलेही सोडवतात. त्यांचा पालापाचोळा आणि मुळे शेतातच कुजू द्या, म्हणजे हे स्फुरद पुढच्या पिकाच्या उपयोगी येईल. पण कडधान्याला खत लागतच नाही, असे समजू नका. मुळांवरच्या गाठींना हवेतले नत्र (नायट्रोजन) बांधायला स्फुरद लागतेच.

मोहरी, कोबी, फ्लॉवर आणि बीट यांच्या मुळांवर मायकोरायझा बुरशी वाढत नाही. मुळे पोचत नाहीत तिथले स्फुरद हीच बुरशी पिकाला आणून देते. या पिकांनंतर किंवा शेत बराच काळ उघडे पडीक राहिल्यावर मका, कांदा घेणार असाल, तर पेरणी किंवा लागवडीच्या वेळचे स्फुरद चुकवू नका.

स्फुरद मातीत जेमतेम काही मिलिमीटर सरकते. फोकून दिलेले खत वरच राहते आणि वरचा थर सुकला की मुळांच्या कामाचे नाही. दोन चाड्यांच्या पाभरीने (बी आणि खत एकाच वेळी पेरणारे अवजार) ते बियाण्याच्या खाली किंवा बाजूला साधारण ५ सेंटिमीटरवर पडेल असे पेरा. उभ्या पिकाची जुनी पाने जांभळट दिसू लागल्यावर जमिनीतून दिलेल्या खताने फारसे हाती लागत नाही. बिननांगरट शेतीत वर्षानुवर्षे स्फुरद वरच्या ५-७ सेंटिमीटरमध्ये साठते. तिथे मातीचा नमुना वरच्या आणि खालच्या थराचा वेगवेगळा घ्या.

जमिनीचा सामू (पीएच) ६ ते ७ च्या आसपास असेल तर स्फुरद सर्वांत मोकळे असते. चुनखडीच्या जमिनीत रॉक फॉस्फेट (स्फुरदयुक्त खडकाची भुकटी) टाकू नका, ते विरघळत नाही. आम्लधर्मी जमिनीत त्याचा उपयोग होतो. माती परीक्षणाच्या अहवालातला आकडा निव्वळ स्फुरदाचा आहे की पिशवीवर छापतात तसा ऑक्साइडच्या रूपातला, हे विचारून घ्या. दोन्हींत २.२९ पटींचा फरक असतो, आणि इथेच मात्रा चुकते.

वर्षानुवर्षे डीएपी (डाय-अमोनियम फॉस्फेट हे स्फुरदयुक्त खत) पडलेल्या बागायती जमिनीत परीक्षणाचा आकडा जास्त आला, तर यंदा मात्रा निःसंकोच कमी करा. स्फुरदाचा अतिरेक झाला की पिकाला जस्त कमी पडते. मक्याच्या कोवळ्या पानांवर बुडाकडून पांढरट पट्टे दिसत असतील, तर आणखी डीएपी न टाकता आधी जस्त तपासून घ्या.