कपातलं माप ग्रॅममध्ये कसं आणायचं

एक कप मैदा १२० ग्रॅम, एक कप साखर २०० ग्रॅम आणि एक कप मध जवळजवळ ३४० ग्रॅम. कप तोच, पण वजनात जवळपास तिपटीचा फरक. म्हणून ‘१ कप म्हणजे किती ग्रॅम?’ याचं एकच एक उत्तर नाही, जिन्नस बदलला की आकडा बदलतो.

आधी कप कोणता ते बघा. अमेरिकी रेसिपीतला कप साधारण २४० मिलीचा, ऑस्ट्रेलियातला २५०चा, जपानमधला २००चा. टीस्पून ५ मिलीचा आणि टेबलस्पून १५चा, पण ऑस्ट्रेलियात टेबलस्पून २०चा असतो. औंसातही गोंधळ होतो. नुसता औंस म्हणजे वजन, सुमारे २८ ग्रॅम. फ्लुइड औंस म्हणजे आकारमान, अमेरिकी हिशेबात सुमारे ३० मिली.

मग जिन्नसाचा आकडा घ्या. २४० मिलीच्या कपात पिठीसाखर साधारण १२० ग्रॅम बसते, कोको पावडर ८५, बटर २२५, तेल २२० आणि दाबून भरलेली ब्राउन शुगर २१५च्या आसपास. पाणी २४०, दूध किंचित जास्त.

खरी गंमत मैद्याची. कप थेट डब्यात खुपसून भरला तर मैदा दाबला जातो आणि तोच कप १४०-१५० ग्रॅमपर्यंत जातो. केक कोरडा का झाला, याचं उत्तर बहुतेक वेळा इथेच सापडतं. मैदा आधी डब्यात चमच्याने हलवून मोकळा करा, चमच्याचमच्याने कपात घाला, कप आपटू नका आणि वरची शीग सुरीच्या पाठीने सपाट करा. १२०चा आकडा अशाच भरलेल्या कपाचा आहे.

आता गुणाकार. सव्वादोन कप मैदा म्हणजे २.२५ × १२० = २७० ग्रॅम. पाऊण कप साखर १५० ग्रॅम. उलट जायचं असेल तर भागा: १८० ग्रॅम मैदा ÷ १२० = दीड कप.

यादीत नसलेल्या जिन्नसासाठी रिकामा कप काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणा, कप भरून वजन घ्या. असं दोन-तीनदा करून सरासरी लिहून ठेवा. छापील तक्त्यांपेक्षा मला हा आकडा जास्त भरवशाचा वाटतो, कारण तो तुमच्या कपाचा आणि तुमच्या हाताचा असतो.

बेकिंग सोडा, मीठ, यीस्ट यांच्या वाटेला मात्र काट्याने जाऊ नका. अर्धा टीस्पून सोडा जेमतेम अडीच-तीन ग्रॅम भरतो आणि घरातला काटा पूर्ण ग्रॅमच दाखवत असेल तर तिथे एका ग्रॅमची चूकही मोठी. हे जिन्नस सपाट चमच्यानेच मोजा.