हॉटेलांतली धूम्रपानबंदी मोजताय? सोलापुरात या चुका टाळा

‘शहरातल्या इतक्या टक्के हॉटेलांत धूर आढळला.’ धूम्रपानबंदीची पाहणी बहुतेक वेळा अशा एका आकड्यावर येऊन थांबते, आणि त्या आकड्यातून काहीच कळत नाही. कारण 2003 च्या तंबाखू नियंत्रण कायद्यानेच सगळ्यांना एका मापाने मोजलेलं नाही. 30 किंवा जास्त आसनांचं रेस्टॉरंट, 30 खोल्यांचं हॉटेल आणि विमानतळ यांना सिगारेट ओढणाऱ्यांसाठी वेगळी जागा ठेवता येते, इतरांना नाही. नवी पेठेतली चार टेबलांची खानावळ आणि होटगी रोडवरचं मोठं परमिट रूम यांची सरासरी काढायचीच नाही. दोन गट करा. आसनं किती, हे मालकाला विचारून लिहू नका. खुर्च्या स्वतः मोजा.

दुसरी चूक ‘स्मोकिंग झोन’ची पाटी बघून फॉर्मवर टिक करण्याची. 2008 च्या नियमांप्रमाणे या जागेला चारही बाजूंनी छतापर्यंत भिंती लागतात, दार आपोआप बंद व्हावं लागतं आणि आतली हवा थेट इमारतीबाहेर जावी लागते. 2017 पासून तिथे काही वाढायलाही मनाई आहे. म्हणजे आत वेटर ट्रे घेऊन फिरत असेल, तर नियम तिथेच मोडला. दार किंचित उघडून फटीशी पेटती उदबत्ती धरा. धूर खोलीत ओढला गेला तर हवा बाहेर फेकणारा पंखा काम करतोय; तुमच्याकडे आला तर ती खोली नुसती नावाला आहे. मात्र ही उदबत्ती हवेतले कण मोजणाऱ्या मीटरचं काम आटोपल्यावरच पेटवा.

मीटरवरही डोळे झाकून विश्वास नको. तो मोजतो ते पीएम 2.5, म्हणजे धुरातले अतिसूक्ष्म कण, तंदूरमधून येतात, फोडणीतून येतात, गल्ल्यावरच्या देवापुढूनही येतात. त्याच वेळी बाहेर रस्त्यावरचं रीडिंग घ्या, पेटत्या सिगारेटी मोजा आणि जमलं तर हवेतलं निकोटीन तपासा. आणि दुपारी तीनला जाऊ नका, रात्री गर्दीच्या वेळी जा.

दंडाच्या पावत्या मोजणं ही तर सोपी पळवाट आहे. 200 रुपयांपर्यंतच्या त्या पावत्यांवरून पोलीस किती वेळा फिरले ते कळतं, हवा कशी आहे ते नाही.

‘आधी-नंतर’ची तुलना करायची तर आधीचं माप हवं. स्पेनमध्ये ते होतं. 2006 च्या कायद्याने छोट्या बारना धूम्रपान चालू ठेवायची मुभा दिली होती, ती जानेवारी 2011 मध्ये काढली. मुभा घेतलेल्या बारमधलं निकोटीन पहिल्या कायद्याने फारसं उतरलं नाही, दुसऱ्यानंतर एकदम खाली आलं.

सोलापुरात खरी गोची होते ती वेटरांच्या लघवीतलं कोटिनीन, म्हणजे निकोटीनपासून अंगात तयार होणारं द्रव्य, तपासताना. दुसऱ्याच्या धुराचा माग काढायला ही तपासणी चांगली, पण तोंडात तंबाखू असेल किंवा सकाळी मिश्री लावली असेल तर आकडा आभाळाला भिडतो. त्यात इथे पूर्व भागात घरोघरी बायका विड्या वळतात. सुपातल्या जर्द्याची धूळ घरभर असते, ती श्वासातून आणि कातडीतूनही अंगात जाते. अशा घरातल्या पोराने कधी विडी ओढलेली नसली तरी त्याच्या कोटिनीनचा दोष हॉटेलच्या धुरावर जाईल. म्हणून नमुना घेण्याआधी ‘सिगारेट ओढता का?’ एवढंच विचारून भागत नाही. तंबाखू, मावा, मिश्री यांची नावं घेऊन विचारा, आणि घरात विड्यांचं काम चालतं का हेही लिहून घ्या. तंबाखू खाणाऱ्यांचे नमुने वेगळे काढा, विडी कामगारांच्या घरातल्यांचे वेगळे.