जीप असो की थार, दुसरा लिव्हर समजून घ्या आणि या चुका टाळा

मागच्या पावसाळ्यात जांबोटी सोडून कणकुंबीकडं चाललो होतो तर रस्त्याच्या खाली शेतवडीत एक नवी कोरी थार रुतून बसलेली. दोन पोरं गुडघ्याएवढ्या चिखलात उभी, मागची चाकं फिरून फिरून खड्डा पार डिफरन्शियलपर्यंत, म्हणजे दोन चाकांच्या मधल्या गिअरच्या गोळ्यापर्यंत, गेलेला. मी उतरलो तसा त्यातला एक म्हणाला, "दादा, याचं फोर बाय फोर कुठनं टाकायचं तेवढं सांगा की." आत बघतो तर गिअरशेजारी दुसरा लिव्हरच न्हाई. गाडी मागच्या चाकांवर चालणारी, म्हणजे २०२३ च्या जानेवारीत जी टू व्हील ड्राइव्ह थार आली ती. बाहेरून दिसायला अगदी तशीच, किंमत कमी, म्हणून घेतली आणि घेताना कुणी नीट समजावून सांगितलंच नाही. मला फार वाईट वाटलं, पोरांनी हौसेनं कर्ज काढून घेतलेली गाडी होती.

म्हणून हे लिहितोय. आमच्या घरात आप्पांच्या काळापासून जीप आहे, मी स्वतः बावीस वर्षं चालवतोय, आणि बेळगाव, खानापूर, चंदगड या पट्ट्यात जीपवाल्यांचे जे हाल बघितलेत त्यातले बहुतेक एकाच कारणानं झालेत, दुसरा लिव्हर नेमकं काय करतो हे माहीत नसणं.

आधी थोडा इतिहास सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. अमेरिकन सैन्याला १९४० मध्ये हलकी, चारही चाकांनी ओढणारी गाडी हवी होती, पहिला नमुना बँटम नावाच्या छोट्या कंपनीनं करून दिला, पण मोठं काम गेलं विलीज आणि फोर्डकडं. १९४१ पासून विलीज एमबी बनायला लागली, २.२ लिटरचं पेट्रोल इंजिन, ६० हॉर्सपॉवर, आणि गिअरच्या लिव्हरशेजारी आणखी दोन छोटे लिव्हर, एक पुढची चाकं जोडायला आणि एक लो गिअरला. महायुद्ध संपेपर्यंत दोन्ही कंपन्यांनी मिळून सहा लाखांच्या वर गाड्या काढल्या. आपल्याकडं १९४५ मध्ये महिंद्रा अँड मोहम्मद कंपनी निघाली, त्यातले गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले आणि तिथले अर्थमंत्री, नंतर गव्हर्नर जनरल झाले, मग १९४८ मध्ये कंपनीचं नाव महिंद्रा अँड महिंद्रा झालं. मुंबईत विलीजचे सुटे भाग आणून जोडणी सुरू झाली आणि पुढं सगळं इथंच बनायला लागलं. उंच बॉनेटची सीजे थ्री बी, मग प्यूजोच्या डिझेल इंजिनवाल्या जीपा, एमएम ५४०, वडापवाली कमांडर, मेजर, २०१० ची पहिली थार, २ ऑक्टोबर २०२० ला आलेली दुसरी थार, आणि २०२४ ची पाच दारांची रॉक्स. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर असल्यानं कॅम्पातनं जाणाऱ्या मिलिटरी जीपा आम्ही लहानपणापासून बघत आलोय, त्यामुळं इथं कुठल्याही असल्या गाडीला माणसं जीपच म्हणतात, कंपनी कुठली का असेना.

आता मुद्दा असा की १९४१ च्या विलीजमध्ये जे तत्त्व होतं तेच आजच्या फोर बाय फोर थारमध्ये आहे. याला पार्ट टाइम फोर बाय फोर म्हणतात. लिव्हर टाकला की पुढचा आणि मागचा प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे चाकांकडं ताकद नेणारे दांडे, एकमेकांना घट्ट जोडले जातात, मध्ये ढिलाई द्यायला काही नाही. एवढं डोक्यात ठेवा.

डांबरी रस्त्यावर फोर बाय फोर टाकून फिरणं

ही सगळ्यात जास्त होणारी चूक. पाऊस पडला, चोर्ला घाटात रस्ता ओला दिसला की माणसं फोर हाय, म्हणजे चारही चाकं आणि नेहमीचा वेग, टाकतात आणि तसंच गोव्यापर्यंत जातात. वळणावर पुढची चाकं मागच्यापेक्षा जास्त अंतर कापतात, म्हणजे दोन्ही शाफ्ट वेगळ्या वेगानं फिरायला पाहिजेत, पण तुम्ही तर ते बांधून टाकलेत. चिखलात असलं तर चाक थोडं घसरतं आणि हिशोब मिटतो. डांबराची पकड सोडत नाही, मग सगळा पीळ शाफ्टात, क्रॉसमध्ये म्हणजे शाफ्टाच्या सांध्यात, आणि पुढं-मागं ताकद वाटणाऱ्या ट्रान्सफर केसमध्ये बसतो, दोरीला पीळ भरत जावा तसा.

लक्षणं ओळखा. स्टिअरिंग जड होतं, वळताना कुणीतरी मागनं गाडी धरून ठेवल्यासारखं वाटतं, खालनं टक टक आवाज येतो, आणि सगळ्यात त्रासाचं म्हणजे लिव्हर परत टू हायला, म्हणजे नुसत्या मागच्या चाकांवर, येतच नाही. इथं माणसं घाबरून लिव्हरला हिसके देतात, एकानं तर पान्यानं ठोकलेलं मी बघितलंय. असं करू नका. गाडी सरळ ठेवून रिव्हर्समध्ये आठ दहा फूट मागं घ्या, पीळ उलगडतो आणि लिव्हर अलगद सुटतो. नाहीच सुटला तर बाजूच्या मातीत एका बाजूची चाकं घालून थोडं पुढं मागं करा. नुसता ओला डांबरी रस्ता असेल तर टू हायच, फक्त हळू चालवा. लाल मातीचा निसरडा रस्ता, शेत, ओढा, वाळू, तिथं फोर हाय, आणि शक्यतो आत शिरायच्या आधी टाकायचं, रुतल्यावर नाही.

फोर लो म्हणजे ताकद जास्त, वेग कमी. खडी चढण, दगडातनं उतार, कुणाला ओढून काढायचं, एवढ्यासाठीच. गाडी थांबवून किंवा अगदी रांगतीला आणून टाका.

आणि हो, जुन्या जीपेला पुढच्या चाकांना फ्री व्हील हब, म्हणजे चाक शाफ्टाला जोडायची-सोडायची सोय, बसवलेले असतील तर आधी खाली उतरून ते लॉक करा. हब मोकळे ठेवून लिव्हर कितीही टाकला तरी शाफ्ट फिरतो, चाक फिरत नाही, आणि माणूस म्हणतो फोर बाय फोर खराब झालं.

चार चाकं आहेत म्हणून अडकणारच नाही असं समजणं

डिफरन्शियलचा स्वभाव असा की ज्या चाकाला फिरायला सोपं त्यालाच ते फिरवतं. म्हणजे फोर बाय फोर टाकूनसुद्धा पुढचं एक आणि मागचं एक चाक हवेत किंवा राडीत गेलं तर ती दोनच गरगरा फिरत राहतात. नव्या थारमध्ये फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून ताकद दुसरीकडं ढकलायची सोय आहे, पण तिला काम करायला एक दोन क्षण लागतात आणि माणसं नेमकं त्याच वेळी घाबरून ॲक्सिलरेटर सोडतात. पाय स्थिर ठेवायचा, चाक थोडं फिरू द्यायचं, मग गाडी पकड घेते. जुन्या जीपेत हे काही नाही, तिथं उतरून वाट बघून यायची, काठी घालून चिखल किती खोल आहे ते बघायचं.

भाताच्या चिखलात आणि वाळूत टायरची हवा १८-२० पीएसआयपर्यंत उतरवली तर निम्मं काम होतं. पण परत डांबरावर आल्यावर हवा भरायला विसरू नका, कमी हवेत ऐंशीनं गाडी पळवली की टायर तापून फाटतो. छोटा कॉम्प्रेसर गाडीत ठेवाच.

रुतलीच तर ट्रॅक्टर बोलवायचा, त्यात लाज कसली. पण साखळी बंपरला बांधू नका, चासीला जिथं टोइंगचा हूक दिलाय तिथंच बांधा, आणि ओढताना बघ्यांना लांब उभं करा. तुटलेली साखळी माणसाचा जीव घेते.

पाण्यात घुसणं

याच्यावर मी जास्त बोलणार, कारण मला स्वतःला याचा फटका बसलाय. २०१९ च्या ऑगस्टमध्ये जो महापूर आला तेव्हा खानापूरकडं एका ओढ्याच्या फरशीवरनं पाणी चाललेलं, मला वाटलं गुडघाभर असेल, आमची सीजे थ्री बी उंच आहे, जाईल. मध्ये गेल्यावर पाणी बॉनेटला लागलं आणि इंजिन बंद पडलं. मी काय केलं तर परत सेल्फ मारला. तीच माझी चूक. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही, सिलिंडरमध्ये पाणी असताना पिस्टन वर आला की कनेक्टिंग रॉड वाकतो. माझे दोन वाकले. आमचे कन्नड मेस्त्री नंतर एकच वाक्य म्हणाले ते मी विसरलेलो नाही, "मोदल एअर क्लीनर नोड्री, आमेले स्टार्ट." आधी एअर क्लीनर बघा, मग स्टार्ट.

तर पाण्यात गाडी बंद पडली की चावीला हात लावायचा नाही. ढकलून, ओढून बाहेर काढा, एअर क्लीनर उघडा, फिल्टर ओला असेल तर समजून जा, पेट्रोलचे प्लग किंवा डिझेलचे इंजेक्टर काढून पाणी बाहेर काढल्याशिवाय इंजिन फिरवू नका. थारसाठी कंपनी ६५० मिलिमीटर पाणी सांगते, पण ते संथ पाण्याचं आणि हळू जाण्याचं माप आहे. वाहत्या पाण्यात त्याच्या निम्म्यालाही गाडी बाजूला सरकते. मलप्रभा आपल्या कणकुंबीतच उगम पावते, उन्हाळ्यात ओलांडून जावी एवढीशी दिसते, पण तिथला पाऊस ज्यांनी बघितलाय त्यांना ते ओढे तासाभरात काय होतात हे सांगायला नको. पाणी चढलेलं असेल तर परत फिरा.

गाडी बाहेर आली, सुरू आहे, म्हणजे सगळं ठीक असं नाही. चालून तापलेला ॲक्सल थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि वरचा ब्रीदर, म्हणजे हवा जायची-यायची वाट, मातीनं बुजलेला असला तर ऑइल सीलमधनं पाणी आत ओढलं जातं. दोन दिवसांत डिफरन्शियलचा प्लग थोडा ढिला करून ऑइल बघा, दूध घातलेल्या चहासारखं दिसलं तर लगेच बदला. तसंच चालवलं तर सहा महिन्यांत बेअरिंग ओरडायला लागतं आणि खर्च कुठल्या कुठं जातो. क्रॉसला, स्प्रिंगच्या पिनांना निपलमधनं ग्रीस मारा, जुनं पाणी मिसळलेलं ग्रीस बाहेर पडेपर्यंत.

धुताना वरनं चकाचक आणि चासीत लाल माती तशीच, हे खूप बघतो. माती ओल धरून ठेवते, गंज तिथनंच सुरू होतो. खालनं धुवा, पण प्रेशरचा फवारा हबवर आणि सीलवर जवळनं मारू नका.

जुनी जीप घेताना कागद न बघणं

आपल्या भागात गाव बेळगावात, शेत चंदगडात, पाहुणे कोल्हापुरात, त्यामुळं कोल्हापूरच्या एमएच शून्य नऊ नंबरची किंवा गोव्याची जीप स्वस्तात मिळाली की माणूस आणतो आणि तशीच बेळगावात, केए बावीसच्या हद्दीत, वर्षानुवर्षं चालवतो. कायद्यानं दुसऱ्या राज्याची गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त इथं ठेवली तर इथला नंबर घ्यावा लागतो, त्यासाठी आधी तिकडच्या आरटीओची एनओसी, आणि मग इथला टॅक्स. हा टॅक्स आधी आरटीओत विचारून घ्या आणि गाडीच्या किमतीत धरूनच भाव करा. आप्पांनी आमची सीजे घेतली तेव्हा आत डिझेल इंजिन आणि आरसीवर पेट्रोल, इंजिन नंबर जुळेना. ते सरळ करता करता दोन वर्षं गेली. जुन्या विलीजमध्ये असं इंजिन बदललेलं सर्रास असतं, म्हणून चासी नंबर आणि इंजिन नंबर स्वतः घासून वाचा, फोटोवर जाऊ नका. १५ वर्षं झाली असतील तर आरसी नूतनीकरण झालंय का तेही बघा.

मोठे टायर, लिफ्ट किट, लोखंडी बंपर यांचं पण तेच. २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की कंपनीच्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल चालत नाही. शिवाय जुन्या जीपेला रुंद टायर घातले की साठच्या वेगाला खड्डा लागला की हँडल असं मारायला लागतं की हातातनं सुटतं. त्यावर स्टिअरिंग डॅम्पर लावून ते हिसके दाबतात, पण खरं दुखणं किंगपिनच्या (ज्याच्यावर पुढचं चाक वळतं त्या पिनेच्या) बेअरिंगमध्ये किंवा दोन्ही चाकं एकत्र वळवणाऱ्या टाय रॉडमध्ये असतं. आधी ते बघा. पार्ट मिळत नाही म्हणून अडू नका, बुश वगैरे बेळगावच्या उद्यमबागेत लेथवर करून मिळतात, नमुना तेवढा सोबत न्या.

घाटात गाडी गरम होतेय म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकणं ही पण आपल्याकडची जुनी सवय. त्यानं रोग जात नाही, इंजिन थंड राहून डिझेल जास्त पितं. रेडिएटर आतनं साफ करा, बेल्ट बघा, नुसत्या पाण्याऐवजी कूलंट घाला.

आणि एक कळकळीची विनंती, भीमगड अभयारण्यात किंवा त्याच्या कडेच्या ओढ्यांत मजा म्हणून गाड्या घालू नका. महादयी तिथंच उगम पावते, पावसाळ्यात त्या पाण्यात बेडकांची, माशांची पैदास चालू असते, आणि एक टायर जे उकरून जातो ते भरून यायला फार वेळ लागतो. चिखलाची हौस भागवायला कुणाचंही पडीक शेत विचारून मिळतं.

राहिला तो लिव्हर. महिनोन्महिने टाकला नाही की आतले फोर्क आणि शाफ्ट जाम होतात आणि नेमका गरजेला लिव्हर हलत नाही. आमचे आप्पा दर अमावास्येला गाडीची पूजा करायचे, चाकाखाली लिंबू, नारळ, सगळं. ते झालं की जीप शेताच्या कच्च्या वाटेला न्यायचे, फोर बाय फोर टाकून किलोमीटरभर जायचे, लो टाकून बांध चढायचे आणि परत यायचे. आप्पा गेले त्याला सहा वर्षं झाली, अमावास्येची ती फेरी मी चुकवत नाही, आणि तो लिव्हर अजून दोन बोटांनी पडतो.